गुडघ्यामागची पट्टी

गांगनुंग गावातल्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर प्यो यांनी बोक-रेमावशींचा गुडघा वाकवून पाहिला आणि त्यांचं मन खट्टू झालं. सूज होती तशीच.

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी मावशींच्या दंडातलं रक्त काढून यंत्रात गरगर फिरवलं होतं. वर आलेला पिवळसर थर सुईत ओढून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, झीज भरून यावी म्हणून सांध्यात सोडला होता. सांधा निम्म्याहून अधिक झिजलेला. गुण येईलच असं नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं. पण मावशींना शस्त्रक्रिया नकोच होती. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला उचलणं, न्हाऊ घालणं सगळं त्यांच्याच अंगावर. त्या अंथरुणाला खिळल्या की नवऱ्याची रवानगी शुश्रूषागृहात, हे ठरलेलं.

"दुखण्यावरची गोळी नाही ना घेतलीत? सगळ्यावर पाणी फिरतं तिनं."

"एक नाही! दात आवळून दिवस काढले."

डॉक्टरांनी विजार आणखी वर सरकवली. गुडघ्यामागे चौकोनी चिकटपट्टी होती. "आणि ही?"

"ही होय! दुकानातली पट्टी हो. औषध थोडंच आहे? इंजेक्शनच्या आधीपासून लावतेय."

पट्टीतही गोळीतलंच औषध होतं, झीज भरून येण्याला आडकाठी करणारं. गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं, पट्टीबद्दल विचारलंच नव्हतं. अंगाला पट्टी नाही असं म्हातारं माणूस या गावात शोधून सापडायचं नाही, आणि नेमकं तेच ते विसरले. त्यांना स्वतःची चीड आली. त्यांनी मावशींना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मीच घालवलं?"

"नाही, चूक माझी. पट्टी नसती तर गुण आला असता का, तेही खात्रीनं सांगता येत नाही. पण सांधा आणखी झिजलाय, आता बदलावाच लागेल."

मावशी दाराकडे बघत पुटपुटल्या, "पट्टीचं ह्यांच्यापुढे काढू नका हं."

तेवढ्यात नर्सने नवऱ्याची चाकांची खुर्ची आत आणली. तोक-मान आजोबांचं अर्धंच तोंड हसलं. "डॉक्टर, पट्टी रोज मी लावतो. ह्या एका हातानं! एक दिवस चुकलो नाही."

"तेवढंच जमतं ह्यांना," मावशी म्हणाल्या.

"मग? आला ना गुण?"

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिलं.

"आला की," मावशीच म्हणाल्या. त्यांनी घाईघाईने विजार खाली ओढली आणि खुर्चीत घसरलेल्या नवऱ्याला काखेत धरून नीट वर बसवलं.