मारुतीला वाहिलेला डिव्हिडंड

रघुनाथरावांचं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान होतं, आणि माणूस तसा काही वाईट नव्हता. वाईट असता तर लाज कशाला वाटली असती? त्यांना फक्त चारचौघांनी उठून नमस्कार केलेला फार आवडायचा. बस्स, एवढाच काय तो रोग.

नागपूरच्या काही मंडळींनी सौंसरच्या बाजूला मँगनीज शोधायला 'कन्हान खनिज शोध कंपनी' काढली. गावातलं वजनदार माणूस हवं म्हणून रघुनाथरावांना डायरेक्टर केलं. आता कंपनी खाणीची नव्हे, शोधाची. टेकडीला खड्डे मारायचे, दगड तपासायला पाठवायचे, काही लागलं तर पुढे खाण. तोवर नफा कुठला? डिव्हिडंड फक्त नफ्यातूनच द्यायचा, असा कंपनीचा नियमच होता. पण शेअर विकताना रघुनाथरावांनी हे कुणाला धड सांगितलं नाही. लोकांनीही त्यांच्या तोंडाकडे पाहून शेअर घेतले. त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, सौंसरच्या अंबाबाई, त्यांनीही घेतले.

मग राज्याची वाटणी झाली. नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि सौंसर-पांढुर्णा राहिले मध्य प्रदेशात. परवान्याची फाईल नागपुरात अडकली की भोपाळला पोचली, देव जाणे. टेकडीवरचं काम ठप्प झालं. वर्षभर दुकानात आलेलं गिऱ्हाईक धोतरजोडी बाजूला सारून विचारायचं, कंपनीचं काय झालं हो? रघुनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अन् ती लाज झाकायला त्यांनी तिच्याहून मोठं लाजेचं काम केलं. दिवाळीला डिव्हिडंड द्यायचाच, असा त्यांनी नागपूरच्या बैठकीत हट्ट धरला. सेक्रेटरी प्रभाकर म्हणाला, नफाच नाही तर देता कशातून? रघुनाथराव म्हणाले, भांडवल शिल्लक आहे ना, त्यातून द्या. लोकांचा भरवसा बसेल, नवे शेअर खपतील, मग मारू खड्डे. म्हणजे लोकांच्याच खिशातलं काढून लोकांच्या हातावर ठेवायचं, आणि वरून नमस्कार घ्यायचे! बाकीच्यांनाही गावात तोंड दाखवायचं होतंच, त्यांनी माना डोलावल्या, आणि दिवाळीला डिव्हिडंड घरोघर पोचला.

पण त्या भागात एक रीत आहे. संत्र्याच्या बागेचा पहिला तोडा घरात कुणी तोंडाला लावत नाही. तो आधी जामसांवलीच्या मारुतीला जातो. अंबाबाईंनी विचार केला, डिव्हिडंड म्हणजे कंपनीचा पहिला तोडाच की. त्या पदर खोचून घरोघर फिरल्या. सगळ्यांनी आपला डिव्हिडंड काढून दिला, कुरकुर कुणी केली नाही. त्यातून पितळेची चांगली जड घंटा घडवली, आणि तिच्यावर नाव कोरलं रघुनाथरावांचं.

शनिवारी घंटा बांधायला बोलावणं आलं. रघुनाथराव जामसांवलीला उतरले तेव्हा गळ्यात हार पडला. बांधायला स्टूल ठेवलं होतं, ते धरायला चार जण पुढे झाले. घंटेवर स्वतःचं नाव वाचताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात अंबाबाई जवळ आल्या. आपल्या संत्र्याच्या बागेतल्या आंबिया बहाराचा सगळा पैसा यंदा नव्या शेअरांत घालायचं ठरवलंय म्हणाल्या. तो पैसा विजयासाठी, त्यांच्या मुलीसाठी राखलेला होता. तिला नागपूरला मास्तरीणबाईचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. ते एक-दोन वर्षं थांबेल, म्हणाल्या.

"भाऊजी, मारुतीसमोर विचारून राहिली म्हून राग धरू नका," त्या म्हणाल्या. "हा पैसा जमिनीतूनच निघाला ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. इतके दिवस त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? पण विजया शेजारीच हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती, आणि त्यांची जीभ काही उचलेना.

"नाही वहिनी," ते शेवटी म्हणाले. "जमिनीतून अजून काहीच निघालं नाही. तुमचाच पैसा तुमाले वापस देला. नवे शेअर घेऊ नका."

स्टूल धरलेले हात एकेक करून सुटले. अंबाबाईंनी घंटेकडे पाहिलं.

"मारुतीले आम्ही आमचंच देलं, त्यात काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आमाले काय देलं, भाऊजी?"

रघुनाथरावांनी हार काढला. दुसऱ्या कुणाच्या हातानं बांधा, माझं नाव घासून टाका, असं काहीबाही पुटपुटत ते निघाले. अंबाबाईंनी वाट अडवली.

"नाव राहू द्या. मारुतीले शब्द देला हाय. बांधा."

ते एकटेच स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगत होतं. साखळी अडकवताना मदतीला कुणी आलं नाही. बांधणाऱ्यानंच पहिल्यांदा वाजवायची असते म्हणून वाजवली. आवाज मोठा गोड होता. लोकांनी हात जोडले, ते मारुतीला.

ते खाली उतरले. विजयानं ताट बाजूला ठेवलं आणि काका म्हणून नेहमीसारखी त्यांच्या पाया पडायला वाकली. रघुनाथरावांनी पाय मागे घेतले.