आंब्याच्या खोडावरचं दगडफूल

"काकी, ह्यां कोणी केल्यान?" रिशेल आंब्यापुढे उभी राहून ओरडली. चुन्याची बादली हातात घेतलेल्या सुशीलाला आधी वाटलं, पोरगी कौतुकच करतेय.

"मियांच! सकाळपासून घासतंय. उद्या पावणे येतले मां?"

पाहुणे येणार होते ते शेंड्यावरच्या समुद्रगरुडासाठी. गावात आता त्याचं हे एकच घरटं उरलं होतं. राखण सुशीलाचा नवरा गणपत करायचा, म्हणून सत्कारही त्याचाच. मग झाड कसं लख्ख दिसायला नको? तिने नारळाच्या सोडणाने खोड खसाखसा घासलं, झाडाची खरूज समजून राखाडी पापुद्रे काढले आणि तुळशीवृंदावनाला फासावा तसा चुना फासला.

मालवणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शेजारच्या रिशेलने खाली पडलेला एक पापुद्रा उचलला. "खरूज न्हय गो ती, दगडफूल. आपण मसाल्यात घालतो, त्याचीच जात. पण ही जात माका ह्या झाडाशिवाय दुसरीकडे खंयच मिळाक नाय. गरूड उडान दुसऱ्या झाडार जायत. ह्यां बिचारां उठान खंय जातलां? तळहाताएवढां होवक पन्नास वर्सां लागली आसतली."

"म्हणजे मी ह्या घरात येवच्या आदीपासून..." सुशीलाने बादली खाली ठेवली. "माका कोणी सांगूक नाय गो."

"काकांका सांगितलेलां."

गणपत ओटीवर सत्काराच्या सदऱ्याला इस्त्री करत होता. "सांगूचा रवान गेला," मान वर न करता तो म्हणाला. "गरूड आसा मां? मग झाला तर."

सुशीलाला रडूच कोसळलं. इतकी वर्षं ह्याच झाडाखालचा पाचोळा झाडला, गरुडाने टाकलेले माशांचे काटे उचलले, आणि ह्या दगडफुलाला कधी ओळखलंच नाही. शेवटी घालवलं तेही आपल्याच हाताने!

संध्याकाळी तिने ओल्या फडक्याने चुना पुसला, सोडणात अडकलेला राखाडी चुरा वेचला आणि भाताची शितं चुरडून तो खोडाला चिकटवायला घेतला.

"तां धरूचां नाय, काकी," रिशेल हळूच म्हणाली.

"म्हायत आसा माका."

दुसऱ्या दिवशी हार झाले, भाषणं झाली. गरुड घरट्यावर उतरला तशा सगळ्यांच्या माना वर गेल्या, गणपतची सगळ्यांत आधी. सुशीला तेवढी खोडाशी उभी होती. कोणी टेकायला आलं की हात आडवा धरून म्हणायची, "हंय नको रे बाबा. ओलां आसा."