मागे नेलेली तारीख

समन्स आले तेव्हा कमळाकर एका कॉलेजकन्येला हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगत होता. बेलीफने काउंटरवर कागद ठेवला, वहीत सही घेतली आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला. कमळाकरने मुलीचा फोटो काढला, आठ प्रती कापल्या, पाकिटात घालून पाकिटावर स्टुडिओचा शिक्का मारला आणि मगच कागद उलगडला. भीतीला दारात ताटकळत ठेवले तर ती कंटाळून परत जाईल, असे त्याला वाटले असावे.

ती गेली नव्हती. अपघात-भरपाईच्या एका दाव्यात साक्षीदार म्हणून त्याने बाराव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता पनवेलच्या कोर्टात हजर राहायचे होते. त्याखालची ओळ त्याने दोनदा वाचली. छायाचित्रे ज्यावर घेतली ते मूळ मेमरी कार्ड सोबत आणावे, असे तीत म्हटले होते.

कार्ड टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात होते. पंचनाम्याचे फोटो ज्यावर असतील ते कार्ड दिवसाचे काम संपले की पासपोर्ट-फोटोच्या पाकिटात घालायचे, वर तारीख आणि जागा लिहायची आणि ते पुन्हा कधीच वापरायचे नाही, हा त्याचा निगेटिव्हच्या दिवसांपासूनचा नेम होता. या पाकिटावर त्याच्याच अक्षरात ‘११ मे २०१३, पळस्पे’ असे लिहिलेले होते. आतल्या अपघाताच्या चौदा फोटोंच्या कोपऱ्यात मात्र नारिंगी आकडे ९ डिसेंबर २०१० ही तारीख सांगत होते. त्या तारखेला, या अपघातात गेलेला, उरणच्या किनाऱ्यावर मासे उतरवणारा शिवा जिवंत होता.

एका प्रकारच्या फोटोंवर पोट भरत नाही, हे कमळाकरला रोलचा जमाना संपता संपताच कळून चुकले होते. म्हणून तो सकाळी पासपोर्ट-फोटो काढी, जूनमध्ये शाळांची ओळखपत्रे करी, उन्हाळाभर गावोगावच्या हळदी आणि लग्ने धरी. विचुंब्यातल्या नव्या इमारतींच्या खोल्या रुंद लेन्समधून अशा टिपी की बिल्डरलाही त्या आपल्या वाटू नयेत. मेलेल्या माणसांना कोट-टाय चढवून भिंतीवर टांगण्याजोगे करणे हे त्याच्या बायकोचे, नीताचे काम होते. संगणकावर ती ते इतक्या हळुवारपणे करी की जणू त्यांना थंडी वाजत असावी. आणि हमरस्त्यावर काही घडले की पोलीस चौकीतून फोन येई. एकाच कॅमेऱ्याने तो नवरीही टिपत असे आणि प्रेतही. मनात मात्र प्रत्येक कमाईचा खण वेगळा होता, आणि एका खणातले दुसऱ्यात सांडत नाही यावर त्याची झोप अवलंबून होती.

त्या मे महिन्यातल्या शनिवारी ते सांडले होते.

सकाळी तो महादेवशेठच्या गावी गेला होता. जमिनीच्या संपादनात जे घर ठरलेल्या तारखेआधीचे, त्यालाच मोबदल्याचा भूखंड मिळणार होता. महादेवशेठने मागच्या अंगणात दोन महिन्यांपूर्वी उभारलेले घर त्या तारखेआधीचे दिसायला हवे होते. कॅमेऱ्यात तारीख मागे नेणे म्हणजे तीन बटणे दाबणे. कमळाकरने ती दाबली आणि घराच्या सतरा फ्रेम घेतल्या. पुढे पाण्याच्या पिंपाआडून, मागे पत्र्याच्या शेडकडून. चहा ओठांशी असतानाच हवालदाराचा फोन आला. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून तो स्कूटरवरून पळस्पे फाट्याला पोहोचला, तेव्हा ट्रेलर उभाच होता आणि मोटरसायकल त्याच्या मागच्या चाकाखाली होती. त्याने चौदा फ्रेम घेतल्या, जवळच्या लॅबमधून छापून हवालदाराच्या हाती दिल्या आणि संध्याकाळच्या हळदीला गेला. तिथे नवरीच्या बहिणीने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून हसत म्हटले होते, “काका, तुमचा कॅमेरा अजून दोन हजार दहातच हाय. आमच्या ताईचा साखरपुडापण व्हायचाय त्याच्यात.”

मांडव हसला होता. कमळाकरही हसला होता आणि हसता हसताच त्याने तारीख पुढे आणली होती. चौकीत जाऊन सांगायला हवे होते. पण सांगताना कारण विचारले गेले असते. कोपऱ्यातले आकडे कोण वाचतो, असे म्हणून तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यावर पावणेदोन वर्षांची धूळ साचली.

आता ते आकडे कुणीतरी वाचले होते, हे त्याला हवालदाराकडून फोनवर कळले. पंचनाम्यात हवालदाराने ट्रेलरच्या नंबरातला एक आकडा चुकीचा लिहिला होता. खरा नंबर फक्त कमळाकरच्या फोटोत होता. विमा कंपनीचा वकील म्हणत होता की फोटो अपघाताच्या अडीच वर्षे आधीचा दिसतो, तेव्हा तो या अपघाताचा पुरावा कसा? फोटो गळून पडला की ट्रेलर गळून पडणार होता, आणि ट्रेलरमागोमाग शिवाच्या विधवेचा, मनिषाचा, दावा.

नीताने ऐकून घेतले आणि बॅटरी उतरली, घड्याळ बिघडले असे सांगायला सुचवले. कमळाकरने मान हलवली. बॅटरी उतरली की कॅमेरा कारखान्याच्या पहिल्या तारखेवर जातो. डिसेंबरच्या नऊ तारखेला तो स्वतःहून जात नाही. आणि तीच तारीख महादेवशेठच्या फायलीत, सरकारी शिक्क्याखाली, घराच्या फोटोंवर बसलेली होती. घर सव्वाअकराचे, ट्रेलर साडेबाराचा. दोन्ही कागद कुणी एका टेबलावर शेजारी ठेवले तर? तो ‘तर’ त्याला झोपू देईना. खोट्या पुराव्याला किती वर्षांची शिक्षा असते, हे विचारायला तो एका ओळखीच्या वकिलाच्या जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. दुकानासमोर जीप थांबली तरी त्याचा हात आपोआप खालच्या खणाकडे जाऊ लागला.

पाचव्या दिवशी जीपमधून महादेवशेठच उतरले. पांढरे कपडे, बोटात पुष्कराज. लेक दुबईला बोलावते आहे, पासपोर्ट काढायचा आहे, म्हणाले आणि न सांगता आत जाऊन पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले.

कमळाकरने दिवे लावले. चष्मा काढायला सांगितले, खांदे सरळ करायला सांगितले.

“तुमी सांगाल तसा,” महादेवशेठ म्हणाले. “या इस्टुलावर बसला का माणूस तुमच्या हुकमात. तुमच्याकडं तो पळस्प्याचा कार्ड मागितलाय म्हणं?”

“हो.”

“केवढासा असतो. नखाएवढा. आमच्या नातवानं असा एक गिळला होता, कुनाला पत्ताच नाय.” ते स्वतःशीच हसले. “वैशाखात गावात चार हळदी हायेत, कमळाकरभाऊ. चारी घरांना मी तुमचाच नाव सांगितलाय.”

कॅमेऱ्याच्या चौकटीत तो चेहरा शांत होता. डोळ्यांत दिव्यांचे दोन चौकोन दिसत होते.

“शेठ, तोंड मिटा. दात दिसले तर पासपोर्टला चालत नाही.”

“मिटतो की,” महादेवशेठ म्हणाले. “तुमीबी मिटा.”

फ्लॅश पडला. फोटो एका झटक्यात चांगला आला. ते गेल्यावरही बराच वेळ स्टूल रिकामे वाटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीता जेवायला गेली असताना कमळाकरने कार्ड संगणकात घातले. विचार करून करून त्याने वाट काढली होती. फक्त सतरा फ्रेम पुसायच्या. अपघाताचे आणि हळदीचे फोटो तसेच ठेवायचे. घड्याळ बिघडले होते, संध्याकाळी नीट केले, असे सांगायचे. फाइलींचे नंबर ४११८ पासून का सुरू होतात असे विचारले तर घरगुती फोटो होते म्हणायचे. ही वाट अरुंद होती. तिच्या दोन्ही बाजूंना खाडी होती. तरी वाट होती.

पडद्यावर पहिली फ्रेम उघडली. आजवर जे कधी दिसले नव्हते, ते दिसले. नव्या घराच्या भिंतीवर अंगणातल्या आंब्याची फांदी वाकली होती आणि तिला पाडाला आलेले आंबे लगडले होते. खाली नारिंगी आकडे डिसेंबर म्हणत होते. तारीख मागे नेताना झाडाला कुणी विचारले नव्हते. हाच फोटो त्या फायलीत दीड वर्ष आंब्यांसकट बसला होता आणि अजून कुणी मान वर करून त्याच्याकडे पाहिले नव्हते, एवढ्यावरच कमळाकर आजवर मोकळा फिरत होता.

त्याने सतराही फ्रेम निवडल्या. पुसायचे का, असे संगणकाने विचारले.

त्याच क्षणी दार ढकलून एक म्हातारी आत आली. अंगाला सुक्या मासळीचा वास, हातात कापडी पिशवी. मी गोदूबाई, शिवाची आई, असे तिने सांगितले तेव्हा कमळाकर उभा राहिला, कारण बसून राहणे त्याला जमेना. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील काढून काउंटरवर ठेवले. तुम्ही कोर्टात येणार म्हणून आणलेत, म्हणाली. कोर्टाचे तिला दुसरे काही माहीत नव्हते.

मग तिने पिशवीतून एक चप्पल काढली. उजव्या पायाची, अंगठ्याजवळ शिवलेली.

“हास्पिटलातून ही एकच आली,” ती म्हणाली. “दुसरी तुमच्या फोटोत हाय का, बगा. माज्या पोराला नका दाखवू. निसती चप्पल.”

ती कशासाठी हवी, असे कमळाकरने विचारले.

“लांब उडाली असंल तर त्यानं उडी मारली असंल. म्हंजे त्यानं गाडी येताना पायली.” तिने चपलेचा अंगठा दाबला. “त्याला भ्या वाटलं का, येवढंच बगायचं हाय.”

आठवडाभर भीतीखेरीज दुसरे काही न जगलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला होता. कमळाकरने पडद्यावरचा प्रश्न तसाच सोडला आणि पुढच्या फ्रेम उघडल्या. म्हातारीकडे पाठ करून, एकेक, सावकाश. ४१२६ मध्ये ती सापडली. मोटरसायकलच्या पायटेकणावर, डाव्या बाजूला, पाय जिथे असतो तिथेच. त्याने चौकट लहान करत नेली, इतकी की तिच्यात फक्त चप्पल आणि लोखंडाचा एक तुकडा उरला, आणि मग गोदूबाईला बोलावले.

ती खूप वेळ पाहत राहिली.

“पायातच व्हती,” ती म्हणाली.

“हो. त्याला काही कळलं नाही, आजी.”

तिने मान डोलावली आणि चप्पल पिशवीत ठेवून ती गेली. बोंबिलांचा वास दुकानात राहिला. कमळाकर पुन्हा संगणकासमोर बसला. पुसायचे का, हा प्रश्न अजून तिथेच होता. त्याने ‘नाही’ दाबले. यात धैर्य नव्हते. ज्या बोटाने तिच्यासाठी फोटो उघडला, त्याच बोटाने ‘हो’ दाबण्याची त्याला भीती वाटली. कार्ड त्याने पाकिटात घातले आणि पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात. पुढचे सहा दिवस तो ते तिथेच वागवत राहिला. घामाने शाई फुटली.

कोर्टात पंखा होता, तरी उकडत होते. पहिल्या बाकावर पदर घट्ट लपेटून मनिषा, शेजारी गोदूबाई. सर्वांत मागे, दाराजवळ, पांढरे कपडे. नीता बाहेर थांबली होती. येताना त्याने तिला फक्त एवढेच सांगितले होते की वैशाखातल्या हळदी धरू नकोस.

शपथ झाली. फोटो त्यानेच काढल्याचे त्याने सांगितले, जागा सांगितली, ट्रेलरचा नंबर वाचून दाखवला. मग विमा कंपनीचे वकील उठले. तरुण होते, आवाज मऊ होता. त्यांनी फोटोचा कोपरा बोटाने दाखवला आणि तारीख वाचायला सांगितली. कमळाकरने वाचली.

“म्हणजे कॅमेऱ्यात बिघाड होता,” वकील म्हणाले. ते जवळजवळ त्याची सुटकाच करत होते. बिघडलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न असणार, हे कमळाकरला दिसले. एक ‘हो’ म्हटले की तो सुटत होता आणि समोरच्या दोघी बुडत होत्या.

“कॅमेरा ठीक होता,” तो म्हणाला.

“मग ही तारीख आपोआप मागे गेली?”

मागे कुणीतरी घसा खाकरला. कमळाकरने वळून पाहिले नाही. खिशातून ओलसर पाकीट काढले आणि न्यायाधीशांच्या दिशेने धरले. शिपायाने ते घेतले.

“मी नेली,” तो म्हणाला. “त्याच दिवशी सकाळी. संध्याकाळी पुढेही मीच आणली. सगळं क्रमाने आहे या कार्डात. आधी काय आहे, मध्ये काय, नंतर काय.”

टंकलेखकाची बोटे थांबली. वकिलांच्या मऊ आवाजात पहिल्यांदाच कुतूहल आले. त्यांनी विचारले की तारीख मागे नेण्याचे कारण काय होते, आणि आधीच्या फोटोंत काय आहे.

मागचे दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. बाहेर जीप सुरू झाली, की दुसरीच कुठली गाडी होती, ते कळायला मार्ग नव्हता. कमळाकरने अंगणातल्या आंब्यापासून सांगायला सुरुवात केली.