रजेवरच्या बाईंचा कोट

पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीनंतर, मुख्याध्यापिकांनी मला लेखी कळवलं की आईचा कोट घालून पुन्हा शाळेत यायचं नाही. हे मी सांगितलं ते विसरून जा. तसं काही झालेलंच नाही. अजून रविवार आहे, मी आरशासमोर उकिडवी बसले आहे आणि मावशी मला तपासते आहे.

"ऊठ आता. हात वर. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिही."

मी हवेत तारीख लिहिली. शर्ट पँटमधून बाहेर आला.

"नापास. पोट दाखवून तारीख लिहिणार का? पुढचा आण."

ही परीक्षा आईची. सव्वीस वर्षं तिने पहिलीचा वर्ग सांभाळला. कुठलाही कपडा घेण्याआधी ती दुकानात उकिडवी बसायची, हात वर करायची आणि काउंटरभोवती एक फेरी पळायची. दुकानदार सवयीने बाजूला व्हायचा. सगळ्यांच्या आया कपडे असेच घेतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

तीन महिन्यांपूर्वी आई गेली. आता तिच्याच वर्गावर मला घेतलं होतं. "मुलांना आम्ही सांगितलंय, बाई मोठ्या रजेवर आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. "तूही तेच सांग." म्हणजे नोकरीचं पहिलंच काम खोटं बोलणं होतं, आणि ते मला जमतं का हे मुलाखतीत कुणी विचारलं नव्हतं.

पाच शर्ट नापास झाले. एकाच्या गळ्याशी दोरी लोंबत होती. "पोरं ओढतील. घंटा होशील तू शाळेची," मावशी म्हणाली. पांढऱ्याकडे तर तिने नुसतं पाहिलं आणि मान हलवली.

मग मी दारामागच्या खुंटीकडे पाहिलं. मावशीने मुद्दाम पाहिलं नाही.

कोट राखाडी होता, खडूची पावडर दिसू नये म्हणून. त्याचा डावा खिसा उजव्यापेक्षा चार बोटं खाली आला होता. आईच्या वर्गाचा नियमच होता: ज्याला रडू येतंय त्याने बाईंच्या डाव्या खिशात हात घालायचा. कारण विचारायचं नाही, सांगायचंही नाही. बाई शिकवत फिरणार, रडणारा मागोमाग फिरणार. तीन फेऱ्यांत बहुतेकांचं भागतं, असं आई म्हणायची.

गेले तीन महिने रोज सकाळी बाबा त्या दारामागे उभे दिसायचे, एक हात कोटाच्या खिशात. मी काही विचारायच्या आत म्हणायचे, "कडी घट्ट करतोय." आमच्या दाराची कडी बहुधा जगात सर्वांत घट्ट असेल.

त्या रविवारी त्यांनी स्वतःच कोट काढून दिला. "थांब, असा नको नेऊस," म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा सुई हातात घेऊन बसले. दोन तासांनी डावा खिसा उजव्याच्या रेषेत आला होता. पुन्हा खाली ओघळायला नको म्हणून त्यांनी त्याचं तोंडही शिवून टाकलं होतं.

मी कोट घालून उकिडवी बसले, तारीख लिहिली, टेबलाभोवती पळाले.

"पास," मावशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सोमवारी दुसऱ्या तासाला एक मुलगी जमिनीकडे बघतच माझ्याजवळ आली. तिचा हात कोटावरून घसरत खिशापाशी थांबला.

"बाई, तुम्ही खिसा बंद केला?" तिने कोटाला विचारलं.

तिने नखाने एक टाका उचकटून पाहिला. मग वर बघितलं.

"बाई रजेवर आहेत," मी म्हणाले.

"कोट न घेताच?"

ती रडायला लागली. तिचं बघून शेजारचा, मग मागचा बाक, मग अख्खा वर्ग. खिसा शिवलेला. मी मधोमध उभी, कपडे अगदी व्यवस्थित. पुढचं काही झालंच नाही, हे आपलं ठरलंय.

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ब्लेड घेऊन खिडकीत बसले आणि एकेक टाका उसवला. मी शेजारी बसून उत्तर लिहिलं:

मा. मुख्याध्यापिका यांस,

आपली लेखी सूचना मिळाली. तिचे पालन करीत आहे. तथापि, सदर बाई रजेवर असल्याचे शाळेनेच वर्गास कळवले असल्याने विनंती की, त्यांची रजा रद्द करून त्यांना तात्काळ कामावर रुजू होण्याचा आदेश द्यावा. पूर्ण दिवस शक्य नसल्यास एक तासिका चालेल. आदेशाची एक प्रत माझ्या वडिलांना द्यावी. कोट दारामागे तयार आहे. डावा खिसा उघडा ठेवला आहे.