पट्टा न लावणारा

सकाळी साडेआठला धाकटा ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत फिरला. अंगावरचा हिरवा झगा खुर्चीवर टाकला, शर्ट चढवला आणि जिन्याने निघून गेला. त्याची किडनी थोरल्या भावाला बसवायची होती. थोरला शेजारच्या खोलीत सलाईन लावून पडला होता.

"हजारोंत एखाद्याच दात्याच्या जिवावर बेततं," असं सर्जनने आदल्या दिवशी सांगितलं होतं. धाकट्याच्या कानात त्यातला 'एखादा' तेवढा राहिला.

वहिनीला तो कुठे सापडेल हे विचारावं लागलं नाही. तो लिफ्ट-मेकॅनिक. ऑफिसांच्या एका इमारतीची बंद लिफ्ट त्याच्याकडे दुरुस्तीला होती, हे तिला ठाऊक होतं. वहिनी धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा दार उघडं होतं आणि धाकटा आत लिफ्टच्या टपावर उभा होता. सेफ्टी बेल्ट बाहेर कठड्याला लटकत होता. दार उघडं असतानाही लिफ्ट हलावी म्हणून त्याने दाराच्या विजेच्या कुलपाच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला होता. काम लवकर उरकतं, म्हणून या धंद्यात सर्रास जोडतात.

"बाहेर या, भावजी."

"वहिनी, मागे सरा. पडाल."

"मी पडेन? आणि तुम्ही काय झोपाळ्यावर बसलाय?"

"इथे सगळं माझ्या हातात आहे. तिकडे मला झोपवणार. मग कोण काय कापतंय, मला काय कळणार?"

"आणि तुमचा जोडीदार? इथेच गेला ना गेल्या वर्षी? असाच, तार जोडून?"

"तो गाफील होता."

"मेला तो गाफील, उरला तो हुशार! वा!"

धाकट्याने पाना आपटला. "दादाने जन्मभर बेल्ट लावला. सगळे पट्टेवाला म्हणून हसायचे त्याला. काय मिळालं? किडन्या त्याच्याच गेल्या ना?"

"म्हणून त्याला मरू द्यायचं?" वहिनीचा आवाज चिरकला. "हे काम त्याने शिकवलं तुला! बोट धरून शिकवलं!"

अहो-जाहो सुटलं होतं. ती उंबरा ओलांडून थेट टपावर उतरली. चप्पल ग्रीसवरून सरकली. धाकट्याने तिचा दंड पकडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वेड लागलंय का? बेल्ट लावा आधी!"

"का? माझा तोल माझ्या हातात आहे."

तिला धरूनच त्याने बाहेर चढवलं आणि मागोमाग स्वतः चढला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. पलीकडून हॉस्पिटलची नर्स बोलत होती. आजचं थिएटर दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. सर्जन उद्या सकाळी पुन्हा तयार होते, पण दाता आज संध्याकाळपर्यंत वॉर्डात भरती हवा. नाहीतर थोरल्याचं नाव पुन्हा डायलिसिसच्या रांगेत.

"ऐकलंत?" वहिनी म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"ओरडू नका, वहिनी. विचार करू द्या."

"करा. त्याच्याकडे भरपूर वेळ आहे ना!" ती जिना उतरू लागली.

दिवस मावळताना तो हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलेला वहिनीला वॉर्डाच्या खिडकीतून दिसला. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. तिने हाक मारली नाही. नर्स दोनदा येऊन विचारून गेली. तो अजून वर आलेला नाही.