मंजूर नमुन्याचं दप्तर

मित्रांनो, मी एक जुनं दप्तर आहे. जुनं म्हणजे वयानं, वापरानं नव्हे. माझ्यात आजवर एकही पुस्तक गेलेलं नाही. नांदेडच्या एका सरकारी कचेरीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर मी सात वर्षं बसून आहे.

मला अख्तरीआपांनी शिवलं. देगलूर नाक्याजवळ त्यांचा तीन मशीनचा कारखाना होता. उरलेल्या दोन मशीनवर नाझनीन आणि सिंधु बसत. आपा प्रत्येक दप्तराच्या बुडाला आतून गादीच्या रेघारेघांच्या कापडाचा जादा थर लावत. "पुस्तकाचं ओझं पट्ट्यावर न्हाई येत, बुडावर येतं," असं त्या म्हणत. बाहेरून तो थर दिसत नाही.

सरकारला दरवर्षी काही खरेदी छोट्या उद्योगांकडून, त्यातही थोडी बायांच्या उद्योगांकडून करायची असते. मार्च आला की ते आठवतं. त्या मार्चात नरसिंगशेठ नावाचे मोठे पुरवठादार कारखान्यात आले. "आपा, नाव तुमचं, धावपळ माझी. शिवायचं तुम्हीच." आपांनी सह्या दिल्या, शिक्का दिला आणि नमुना म्हणून मला दिलं. कचेरीत साहेबांनी माझा पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "वा!" आयुष्यातली स्तुती एवढीच. लगेच माझ्या तोंडाला सुतळी बांधली, तिच्यावर लाखेचं सील केलं आणि चिठ्ठी लावली : 'मंजूर नमुना'.

मग मी भावंडांची वाट पाहिली. पाच हजार येणार होती. कारखान्यात वारभर कापडसुद्धा आलं नाही. कुठूनशी तयार दप्तरं ट्रकनं थेट शाळांत गेली. महिन्याभरात पोरांची पुस्तकं रस्त्यावर सांडू लागली. कागदावर नाव आपांचं, म्हणून नोटीसही त्यांनाच : तुमचं नाव काळ्या यादीत का टाकू नये? तसं झालं तर त्या तीन मशीनना पुन्हा सरकारी काम नाही.

त्याच सुमारास उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल कचेरीला प्रशस्तिपत्र मिळालं. अहवालात अख्तरीआपा दोनदा मोजल्या होत्या : एकदा लघुउद्योग म्हणून, एकदा महिला म्हणून. प्रत्यक्षात त्या एकच होत्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

दर सोमवारी त्या नोटिशीला उत्तराचा अर्ज घेऊन येत. त्यांच्या सैल चपलेचा फटफट आवाज मला कपाटात ओळखू येई.

"साहेब न्हाईत, आपा," कारकून आनंदराज म्हणत.

"कपाट तर हाय ना? ते दप्तर उघडून बघा. माझा हात कसा हाय ते कळंल."

"सील तोडलं तर तो नमुना राहत न्हाई."

"आन् न्हाई तोडलं तर?"

"तर आतलं दिसत न्हाई." आनंदराज वाईट नव्हते. नियम सांगत होते.

शेवटी सुनावणी लागली. मला टेबलावर ठेवलं. शेजारी शाळेतून परत आलेलं एक दप्तर, बूड फाटलेलं. बाकी आम्ही जुळे दिसत होतो.

"नमुन्यासारखंच आहे की," साहेब म्हणाले. "म्हणजे शिलाई तुमचीच."

आपांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग अंगठ्याच्या नखानं लाख फोडली आणि मला उलटं केलं. रेघारेघांचं कापड सगळ्यांसमोर उजेडात आलं.

"हे म्या शिवलं. ते कुणी शिवलं, नरसिंगशेठला इचारा."

खोलीतल्या सगळ्यांना कळलं. साहेबांनाही. त्यांनी लिहून घेतलं : 'पुरवठादाराने मंजूर नमुन्याचे सील तोडले.' याच कारणावरून आपांचं नाव काळ्या यादीत गेलं. लिहिलेलं वाक्य तर खरंच होतं.

आपांनी मला पुन्हा सुलटं केलं. कुणीच न घेतलेला आपला अर्ज घडी करून माझ्यात ठेवला. माझ्यात आलेली ती पहिली वस्तू. आनंदराजांनी नवी सुतळी बांधली, नवं सील केलं.

कारखान्याचं शटर पडलं. मागल्या वर्षी आपा वारल्या. आनंदराज मातीला जाऊन आले. तरी सोमवारी बाहेर चपलेचा आवाज येतो. मला वाटायचं, मलाच ऐकू येतो. पण गेल्या सोमवारी आनंदराज फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "साहेब न्हाईत, आपा." मग त्यांनी मान वर केली. बाकावर कुणीच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मला मात्र फार जपलंय. तुम्ही एवढंच करा : माझं सील तोडा आणि तो अर्ज कुणीतरी वाचा. परवा सोमवार आहे. त्या विचारायला येतील.