लाल घेवड्याची उन्हाळी सुट्टी

माणसाने मनात आणलं तर तो वाळवंटातही नंदनवन फुलवतो. मस्कतजवळ रुसैलच्या कंपनी क्वार्टरमागे रमणने दोन वर्षं फुलवलं. फुलवलं एवढंच, शेंग एकही धरली नाही.

लाल फुलांचा घेवडा. बी पेरून वेल वर चढेपर्यंत फेब्रुवारी सरायचा, मग ऊन तापायचं आणि फुलं टपाटप गळायची. वाईहून पूर्वा, म्हणजे रमणची बायको, फोनवर विचारायची, "भाजी की हार?" डिसेंबरात ती पहिल्यांदाच मस्कतला येणार होती. याच वेलाची भाजी तिला वाढायची, असा रमणचा पण होता.

मग त्याला कळलं, की या वेलाची मुळं रताळ्यासारखी फुगतात. थंड देशांत ती हिवाळाभर जपून ठेवतात आणि पुन्हा लावली की वेल लवकर येतो. इथे जपायचं ते उन्हाळ्यापासून. मे महिन्यात त्याने चार मुळं काढली, बादलीत कोरड्या वाळूत पुरली आणि गावी रजेवर जाताना वर चिठ्ठी चिकटवली: 'पाणी घालू नये.' रूममेट शरीफला, हा रत्नागिरीचा, तोंडीही बजावलं.

सप्टेंबरात परतला तर बादली एसीच्या नळीखाली. टप, टप. चिठ्ठी जागेवर, फक्त शाई ओघळलेली.

"शरीफ, पाणी घालू नको म्हटलं होतं ना?"

"मी खंय घातलंय, भाऊ? एसीनं घातलं."

"बादली नळीखाली कोणी ठेवली?"

"मीच. एसीचं पाणी कधी वाया घालवतो आपण? आणि वाळू बघून जीव तुटला हो. शेजारच्या खोलीतला हसनपण म्हणाला, झाडाला पाणी म्हणजे सवाब, पुण्याचं काम."

रमणने वाळूत हात घातला. तीन मुळं कुजून लगदा झालेली, बोटांतून निसटली. चौथं टणक लागलं. त्याने ते धुऊन, पुसून उजेडात धरलं. दगड होता.

"त्यालापण पाणी दिलं मी," शरीफ म्हणाला.

रमणला ओरडायचं होतं. पण साडेतीन महिने न चुकता सेवा केलेल्या माणसावर ओरडायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात पूर्वाचा फोन आला. तिकीट झालं होतं, वीस डिसेंबर.

"येताना काय आणू?"

रमणने तो दगड परत बादलीत टाकला.

"मंडईतून पाव किलो घेवडा आण," तो म्हणाला. "कोवळा बघून."